एकाच नावाची गाठ, चार वेगळे आजार

मुलाच्या मेंदूत गाठ आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न उठतो, "आमच्याच लेकराला का?" नालासोपारा, विरार, वसईच्या वस्त्यांमध्ये या प्रश्नाचे उत्तर द्यायला शेजारीपाजारी तयारच असतात. कोणी म्हणते बाहेरचे लागले. कोणी म्हणते आईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. कोणी पत्ता देते, अमुक बाबाकडे जा, तो गाठ विरघळवतो. ही उत्तरे फुकट मिळतात, पण त्यांच्या मागे गेलेला महिना-दोन महिन्यांचा वेळ फार महाग पडतो. तेवढ्या वेळात गाठ वाढतच असते.

आजाराला कारण असते आणि ते शोधता येते, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. मेंदूच्या गाठीचे कारण पेशीच्या आत आहे. ते शोधण्याचे महत्त्वाचे काम आपल्यापासून फार लांब नाही, नवी मुंबईत खारघरला झाले आहे. गाठ का वाढते, का पसरते, त्यात मायक्रोआरएनए नावाच्या अगदी लहान रेणूंचा हात काय, आणि हे कळून आपल्या घराला आज काय उपयोग, हे या वेळी आम्ही मांडत आहोत. विषय थोडा अवघड आहे. पण वस्तीत नळाचे पाणी कसे येते हे ज्याला माहीत आहे, त्याला हेही समजेल.

पेशीतला चावीवाला

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. शरीर चालवण्याची सगळी माहिती त्यात लिहिलेली असते. मेंदूच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत माहिती तीच. फरक एवढाच की कोणती पेशी त्यातला कोणता भाग वापरते. हव्या त्या भागाची पेशी एक नक्कल काढते. त्या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. नकलेवरून प्रथिने, म्हणजे प्रोटीन, तयार होतात. पुढचे सगळे काम ही प्रथिने करतात. काही पेशीला वाढायला सांगतात, काही थांबायला सांगतात, आणि पेशी बिघडली तर तिला मरायला सांगणारीही प्रथिने असतात.

आता आपल्या नळाचा विचार करा. टाकी भरलेली असली तरी आपल्या गल्लीत पाणी किती वेळ येणार हे चावीवाल्याच्या हातात असते. तो पाणी तयार करत नाही, पाइपही टाकत नाही. तो फक्त चावी फिरवतो. एका चावीवर कित्येक गल्ल्या अवलंबून असतात. त्याने चावी पूर्ण उघडी ठेवली तर गल्लीत पाणी तुंबते, बंदच केली तर हंडे रिकामे राहतात.

मायक्रोआरएनए हा पेशीतला चावीवाला आहे. त्याची लांबी जेमतेम २२ अक्षरांच्या आसपास असते. डीएनएची लिपी कोट्यवधी अक्षरांची असते, त्यापुढे हे काहीच नाही. मायक्रोआरएनएपासून प्रथिन बनत नाही. तो संदेशवाहक आरएनएच्या नकलेला जाऊन चिकटतो. मग ती नक्कल वाचली जात नाही किंवा नष्ट होते, आणि त्या प्रथिनाचे प्रमाण घटते. एक मायक्रोआरएनए शेकडो नकलांवर लक्ष ठेवू शकतो. एकाच नकलेवर अनेक मायक्रोआरएनएही काम करतात.

हा चावीवाला पहिल्यांदा सापडला तो माणसात नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टर अॅम्ब्रॉस आणि गॅरी रव्हकन या शास्त्रज्ञांनी जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका जंतावर काम करताना तो ओळखला. बरीच वर्षे लोकांना वाटत होते की ही त्या जंताचीच खोड असेल. २००० मध्ये रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने दुसरा मायक्रोआरएनए दाखवला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत निघाला. माणसात असे एक हजाराहून जास्त मायक्रोआरएनए आहेत हे आज माहीत आहे. या शोधासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चावी बिघडली की गाठ वाढते

मेंदूच्या गाठीत चावी दोन तऱ्हांनी बिघडते.

पहिली तऱ्हा, नको तिथे चावी बंद होते. मोठ्या माणसांच्या मेंदूतली सर्वांत आक्रमक गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. २००५ मध्ये असे दिसले की या गाठीत मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए फार वाढलेला असतो. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या यंत्रणेलाच तो दाबून टाकतो. प्रयोगशाळेत मिर-२१ रोखला तेव्हा गाठीच्या जास्त पेशी मरू लागल्या. मिर-१०बी हा दुसरा असाच. निरोगी मेंदूत तो जवळजवळ नसतोच, ग्लिओब्लास्टोमात मात्र सापडतो.

दुसरी तऱ्हा, हवी तिथली चावी उघडीच राहते. मिर-७ हा मायक्रोआरएनए पेशीला "वाढ, वाढ" म्हणणाऱ्या एका प्रथिनावर लगाम ठेवतो. ग्लिओब्लास्टोमात मिर-७ कमी पडतो आणि लगाम सुटतो. मिर-१२४ निरोगी मज्जापेशींत भरपूर असतो, कारण पेशीला पक्के होऊन आपल्या कामाला लागायला तो मदत करतो. गाठीत तो घटतो, आणि पेशी कच्च्या अवस्थेत राहून नुसत्या वाढत जातात.

गाठीच्या पेशी आपला मायक्रोआरएनए शेजारच्या निरोगी पेशींपर्यंतही पाठवतात. बारीक थैल्यांत भरून तो बाहेर सोडला जातो. २००८ मध्ये ग्लिओब्लास्टोमाच्या अशा थैल्या रुग्णांच्या रक्तातही सापडल्या. म्हणजे गाठ स्वतः वाढतेच, आणि वाढायला सोयीचे वातावरण आजूबाजूलाही तयार करते.

हे सगळे का बिघडते? कधी मायक्रोआरएनएचे जनुकच तुटते, कधी त्याला कुलूप लागते, कधी दुसरे बिघडलेले जनुक त्याला जास्त चालवते. बहुतेक रुग्णांत हा बदल पेशीत आयुष्यात केव्हातरी आपोआप घडलेला असतो. थोड्या कुटुंबांत तो जन्मतः आलेला असतो, आणि तशी शंका आली तर डॉक्टर स्वतः विचारतात. यात आईचा दोष नाही, घराचा नाही, लेकराचा तर नाहीच. ही गाठ संसर्गानेही पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने ती कोणाला होत नाही.

मुलांमधली गाठ आणि तिचा प्रवास

मुलांमध्ये मेंदूची जी कर्करोगाची गाठ सर्वांत जास्त आढळते तिला मेडुलोब्लास्टोमा म्हणतात. ती डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत होते. चालताना तोल सांभाळणे हे लहान मेंदूचे काम. मेंदूत सतत तयार होणाऱ्या पाण्याचा रस्ताही त्याच्या अगदी जवळून जातो. गाठीने तो रस्ता अडवला की डोक्यात पाणी साचते. म्हणून मुलाला सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, उलटी होणे आणि झोकांड्या जाणे असे त्रास होतात.

ही गाठ पसरते ती याच पाण्यातून. सुटलेल्या पेशी पाण्याबरोबर वाहत पाठीच्या कण्यापर्यंत जातात आणि तिथे रुजतात. त्यामुळे डोक्याबरोबर कण्याचाही एमआरआय करतात आणि पाठीतून पाणी काढून तपासतात. पाठीतून पाणी काढले की मूल लुळे पडते, ही भीती आपल्या वस्त्यांत फार आहे. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. ही तपासणी कधी करायची, कधी थांबायचे हे डॉक्टर डोक्यातल्या पाण्याचा दाब पाहून ठरवतात. भीतीपोटी नकार दिला तर आजार कण्यात पोहोचला आहे की नाही हेच कळत नाही, आणि उपचार अंदाजाने करावा लागतो.

सुईतून किंवा शस्त्रक्रियेतून निघालेल्या गाठीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मेडुलोब्लास्टोमा असे नाव देत. तरी एक कोडे उरत असे. दोन मुलांची गाठ सारखी दिसे, उपचार सारखा होई. एक मूल बरे होऊन शाळेत जाई, दुसऱ्याचा आजार वर्षभरात परत येई. असे का?

२०१२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने मान्य केले की मेडुलोब्लास्टोमा हा एक आजार नाही. त्याचे निदान चार गट आहेत. त्यांना डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४ अशी नावे आहेत. डब्ल्यूएनटी गटातली ९० टक्क्यांहून जास्त मुले उपचारानंतर पाच वर्षांनीही जगलेली दिसतात, आणि ही गाठ निदानाच्या वेळी क्वचितच पसरलेली असते. गट ३ ची गाठ अनेकदा आधीच कण्यात पोहोचलेली असते. त्यात मायसी नावाचे जनुक फाजील वाढलेले असेल तर निम्मी मुलेही हाती लागणे कठीण होते. सूक्ष्मदर्शकाखाली या चारही गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात.

खारघरचे काम

परळच्या टाटा रुग्णालयाचे संशोधन केंद्र खारघरला आहे. त्याला अॅक्ट्रेक म्हणतात. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने बरीच वर्षे मेडुलोब्लास्टोमातील मायक्रोआरएनएचा अभ्यास केला. त्यांनी तपासलेल्या गाठी आपल्या देशातल्या रुग्णांच्या होत्या. टाटातील शल्यविशारद, रेडिएशनचे डॉक्टर आणि तुकडा तपासणारे डॉक्टर या कामात बरोबर होते.

२०१० मध्ये त्यांनी दाखवले की डब्ल्यूएनटी गटातल्या गाठींत काही मायक्रोआरएनए ठळकपणे वाढलेले असतात, जणू त्या गटाची ती ओळखखूणच. २०१३ मध्ये त्याच दिशेने पुढचे पाऊल पडले. शंभराच्या आसपास गाठी तपासून त्यांनी १२ जनुके आणि ९ मायक्रोआरएनए यांच्या प्रमाणावरून चार गट ओळखणारी चाचणी तयार केली. तिची अचूकता ९७ टक्के निघाली.

या चाचणीतली एक गोष्ट आपल्यासारख्यांच्या विशेष उपयोगाची आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा रसायनात ठेवून मेणाच्या वडीत बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. गाठ लगेच गोठवून ठेवायची सोय मोठ्या संस्थांतच असते. मेणाची वडी मात्र छोट्या रुग्णालयातही बनते आणि वर्षानुवर्षे टिकते. वडीत लांब आरएनएचे तुकडे होतात. मायक्रोआरएनए आधीच एवढा आखूड असतो की तो बऱ्यापैकी शाबूत राहतो. म्हणून जुन्या ब्लॉकवरूनही गट ओळखता येतो.

मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. हे मायक्रोआरएनए नुसती खूण आहेत, की गाठीच्या वागण्याला तेही कारण आहेत? मिर-१४८ए हा डब्ल्यूएनटी गटात भरपूर असतो. आक्रमक गाठीच्या पेशींत तो मुद्दाम वाढवला, तेव्हा त्या पेशींची आजूबाजूला शिरण्याची ताकद घटली. पेशीच्या अंगावर न्यूरोपिलिन-१ नावाचे एक प्रथिन असते आणि ते तिला सरकायला मदत करते. मिर-१४८ए त्याचीच चावी आवळतो. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. डब्ल्यूएनटी गाठ कमी का पसरते याचा एक धागा त्यातून हाती आला.

२०१९ मध्ये मिर-२०४ बद्दलचे काम आले. गट ३ आणि गट ४ मधल्या ज्या गाठींत मिर-२०४ कमी असतो त्या जास्त आक्रमक निघतात, म्हणजे गटाच्या आतही धोका कमी-जास्त असतो. २०२० मध्ये त्यांनी मिर-१९३ए हा मायक्रोआरएनए मायसीवाल्या गट ३ च्या पेशींत परत आणून पाहिला, तेव्हा गाठीची वाढ दबली. ही सगळी कामे प्रयोगशाळेतली आणि प्राण्यांवरची आहेत. माणसावरचा उपचार व्हायला अजून अवकाश आहे.

गट कळल्याने मुलाचे काय होते?

मेडुलोब्लास्टोमाचा उपचार तीन पायांवर उभा असतो. आधी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो ते, आणि त्यानंतर किमो. रेडिएशन पूर्ण डोक्याला आणि पूर्ण कण्याला द्यावे लागते, कारण पेशी पाण्यातून कुठेही गेलेल्या असू शकतात. धोका कमी असेल तर डोके आणि कण्याला साधारण २३.४ ग्रे आणि धोका जास्त असेल तर ३६ ग्रे देतात. ग्रे हे रेडिएशनचे माप आहे. गाठीच्या जागेवर त्याहून जास्त देतात.

या दोन आकड्यांमधल्या फरकाचे परिणाम मुलाला पुढे आयुष्यभर भोगावे लागू शकतात. वाढत्या मेंदूला जास्त रेडिएशन मिळाले तर मूल बरे होते, पण पुढे शिकताना मागे पडू शकते, उंची कमी राहू शकते, हार्मोनच्या गोळ्या लागू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांत तर डॉक्टर हे रेडिएशन शक्यतो टाळतात. उलट, आक्रमक गाठीला कमी दिले तर आजार परत येतो. आपल्या घरात लेकराचे शिक्षण म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. नेमका गट कळला तर जेवढा मार लागतो तेवढाच देता येतो.

पण गट चांगला निघाला म्हणून उपचार आपल्या मनाने कमी करायचा नसतो. टाटामध्ये डब्ल्यूएनटी गटातल्या कमी धोक्याच्या मुलांना कण्याचे रेडिएशन वगळून फक्त गाठीच्या जागेवर देऊन पाहण्याचा अभ्यास झाला. काही मुलांत आजार कण्यात परत आला, म्हणून तो अभ्यास लवकर थांबवावा लागला. नियम पाळून, देखरेखीखाली केलेल्या अभ्यासातही असे झाले. मग "डोक्याचे झाले, आता कण्याचे कशाला" असे म्हणून अर्ध्यावर घरी येणे किती धोक्याचे आहे, ते ओळखा.

मायक्रोआरएनएचे औषध मिळते का?

आज मेंदूच्या गाठीसाठी मायक्रोआरएनएचे मान्यता मिळालेले एकही औषध जगात नाही. अडचणी दोन आहेत. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची अशी गाळणी असते की रक्तातली बरीच औषधे आत पोहोचत नाहीत. दुसरी अडचण त्या चावीवाल्याचीच. एक चावी शेकडो गल्ल्यांना लागलेली असते, त्यामुळे ती फिरवली की नको त्या ठिकाणीही परिणाम होतो. मिर-३४ या मायक्रोआरएनएवर आधारलेले एक औषध यकृताच्या आणि इतर कर्करोगांच्या रुग्णांना चाचणी म्हणून दिले गेले. गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवली.

रक्ताच्या थेंबातून मायक्रोआरएनए मोजून मेंदूची गाठ ओळखण्याचे प्रयत्नही संशोधनाच्या पातळीवर आहेत. एमआरआय आणि तुकड्याची तपासणी यांची जागा घेईल अशी रक्ताची तपासणी अजून नाही. तेव्हा "जीन दुरुस्त करणारी पावडर", "आरएनए थेरपीचा कोर्स" असे काही कोणी विकायला आले, तर दागिने गहाण ठेवू नका. संशोधनातले नवे औषध खरेच द्यायचे असेल तर रुग्णालय लेखी संमती घेते, चाचणी नोंदवलेली असते, आणि त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

ही लक्षणे अंगावर काढू नका

बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते. भूक, झोप, चष्मा, ताप अशी साधी कारणे जास्त असतात. पण पुढचे काही दिसले तर डॉक्टरांना "गाठीची शंका आहे का?" असे स्पष्ट विचारा.

मुलांमध्ये: सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि उलटी, उलटी झाल्यावर बरे वाटणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालणे. चालताना झोकांड्या जाणे, पेला धरताना हात थरथरणे. मान एका बाजूला कलती धरणे. डोळा नव्याने तिरळा होणे, एकाचे दोन दिसणे. तान्ह्या बाळाचे डोके भराभर मोठे होणे.

मोठ्यांमध्ये: आयुष्यात पहिल्यांदा फिट येणे. एका बाजूचा हात-पाय लुळा पडत जाणे. बोलताना शब्द न सापडणे. दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी. स्वभावात अचानक बदल.

उलटीवर पित्ताच्या गोळ्या आणि जंताचे औषध देऊन आठवडे काढू नका. फिट आली की चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे टोकदार सामान दूर करा आणि दवाखान्यात न्या. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कुठे जायचे, काय जपायचे

आधी जवळच्या पालिकेच्या रुग्णालयात दाखवा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत आहे. टाटाचे मुख्य रुग्णालय परळला आहे. विरार लोकलने दादर आणि तिथून मध्य रेल्वेने परळ गाठता येते. खारघरला वसई रोडहून दिवामार्गे पनवेलला जाणारी गाडी आणि तिथून हार्बर लाईन असा रस्ता आहे, मात्र या गाड्या मोजक्या आहेत, वेळ पाहून निघा. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला प्रवास करता येतो. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन प्रकारचे रेडिएशनही सुरू झाले आहे. ते आपल्या मुलाला लागू आहे का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

पैशाचे आधीच बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच त्यांना भेटा. ही योजना बिनपैशाच्या उपचाराची आहे, आधी भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. टाटामध्ये जनरल कॅटेगरीत नाव नोंदवा आणि मेडिकल सोशल वर्कच्या विभागात घरची परिस्थिती न लाजता सांगा. त्यांचे ते कामच आहे.

एका पिशवीत या गोष्टी जपून ठेवा: एमआरआयचे रिपोर्ट आणि सीडी, शस्त्रक्रियेचा कागद, तुकड्याचा रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाईड. शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झाली असेल तर ब्लॉक त्यांच्याकडून पावती देऊन मागून घ्या. तो रुग्णाचा आहे आणि पुढच्या रुग्णालयात लागतोच. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते. मग डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा: गाठीचे पूर्ण नाव काय? तिचा गट तपासला का? कण्यात पसरली आहे का? रेडिएशन कधी सुरू होणार?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावे लागते, आणि मग आठवड्यातून पाच दिवस, जवळपास सहा आठवडे ते चालते. विरारहून रोज परळ-खारघर करणाऱ्या आईबापांची रोजची मजुरी बुडते. घरी राहिलेल्या भावंडांना जेवू कोण घालणार, हा प्रश्न असतो. उपचार अर्ध्यावर सोडण्याची वेळ बरेचदा इथेच येते. या सहा आठवड्यांत शेजाऱ्यांनी पाळी लावून एकेका दिवशी मुलाबरोबर गाडीत बसायला जावे, विहारातल्या मंडळींनी भावंडांचा डबा सांभाळावा, तरुणांनी योजनेचे कागद करून द्यावेत. मूल बरे होऊन परत आले की त्याच्या शाळेत जाऊन शिक्षकांना सांगा, त्याला शिकायला थोडा जास्त वेळ लागेल, पण तो शिकेल.

हा लेख रविवारच्या वंदनेनंतर विहारात मोठ्याने वाचून दाखवा, आणि लक्षणांचा भाग कापून भिंतीवर लावा. वस्तीत एखादे लेकरू सकाळी-सकाळी उलट्या करत असेल आणि चालताना अडखळत असेल, तर त्याच्या आईला आजच दवाखान्यात घेऊन जा.